दुपट्यातली पुस्तकं

जुन्या ट्रंकेत, देव्हाऱ्याखालच्या फडताळात किंवा गावाकडच्या माळ्यावर लाल फडक्यात बांधलेली एखादी पोथी अजूनही निघते. आडवी लांबट पानं, सगळी सुटी, वर-खाली लाकडी फळ्या. अक्षर ठसठशीत, बोरूने काढल्यासारखं. घरातलं वडीलधारं माणूस सांगतं, ‘पणजोबांच्या हातची पोथी आहे.’ पण पान उजेडात धरून नीट पाहिलं की शंका यायला लागते. शाई पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत एकसारखी आहे. बोरू दौतीत बुडवला की पुढची दोन-तीन अक्षरं गडद उमटतात आणि मग फिकट होत जातात, तो चढ-उतार कुठेच नाही. पानं उलटत शेवटाला गेलं की छापखान्याचं नाव सापडतं. पोथी शिळाप्रेसवर छापलेली असते.

आता खरा प्रश्न. छापायचंच होतं तर हाताने लिहिल्यासारखं का छापलं? यंत्र दाराशी आलेलं असताना शिवलेलं, बांधणीचं पुस्तक का नाही काढलं? सुट्या पानांचा खटाटोप कशासाठी?

उत्तर गिऱ्हाइकात आहे. पोथी कशी दिसते हे गिऱ्हाइकाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं, छापील पुस्तक कसं दिसतं हे अजून कोणालाच ठाऊक नव्हतं. शिवाय विटाळाची भीती होती. छापील कागदाला हात लावायला कचरणारे भाविक मुंबईत होते, अशी नोंद गोविंद नारायण माडगावकरांनी १८६३ साली ‘मुंबईचे वर्णन’ या पुस्तकात केली आहे. तेव्हा नव्या कलेने जुन्या कलेचे कपडे घातले. नव्या तंत्राच्या या बाळपणासाठी युरोपातल्या ग्रंथपालांकडे एक जुना लॅटिन शब्द आहे. तो मराठीत क्वचित दिसतो आणि दिसला तर बहुतेक वेळा चुकीचा वापरला जातो. तो शब्द म्हणजे इन्क्युनॅब्युला.

लॅटिनमधलं दुपटं

लॅटिनमध्ये ‘कुनाय’ म्हणजे पाळणा. ‘इन्कुनाबुला’ म्हणजे पाळण्यातल्या बाळाला गुंडाळायची फडकी, आपल्या घरातली दुपटी. हा शब्द लॅटिनमध्ये नेहमी अनेकवचनीच येतो, एका दुपट्यावर भागत नाही हे रोमन आयांनाही माहीत असणार. दुपट्यांवरून अर्थ सरकत पाळण्यावर गेला, पाळण्यावरून जन्मस्थानावर, आणि तिथून कोणत्याही गोष्टीच्या उगमावर. सिसेरोच्या काळी हा शब्द जन्मभूमी आणि आरंभ या अर्थांनी रुळलेला होता. त्यात पुस्तकांचा काही संबंध नव्हता.

छपाईशी त्याची गाठ सोळाव्या शतकात पडली. हाड्रियानुस युनियुस नावाचे एक डच वैद्य आणि विद्वान होते. आपल्या देशाचा इतिहास सांगणाऱ्या ‘बटाविया’ या ग्रंथात त्यांनी मुद्रणकलेच्या आरंभकाळाबद्दल लिहिताना ‘इन्कुनाबुला’ हा शब्द वापरला. ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर, १५८८ साली बाहेर आला. त्यात त्यांचा आग्रह असा की, छपाईचा शोध हार्लेम गावच्या लाउरेन्स कोस्टर यांनी लावला. गावाचा अभिमान संशोधनात शिरला की काय होतं, याचा हा चांगला नमुना आहे. कोस्टर यांच्या नावावर एकही पुस्तक खात्रीने लावता येत नाही. हार्लेममध्ये त्यांचा पुतळा मात्र उभा आहे.

त्याला उत्तर देणारे होते म्युन्स्टरच्या कॅथीड्रलचे डीन बेर्नहार्ड फॉन मालिंक्रोट. गुटेनबर्ग यांच्या शोधाला दोनशे वर्षं झाली असं धरून १६४० साली त्यांनी मुद्रणाच्या उगमावर एक पुस्तिका काढली आणि शोधाचं श्रेय माइन्त्सच्या गुटेनबर्ग यांच्या पदरात टाकलं. त्यातही ‘इन्कुनाबुला’ आला. मालिंक्रोट यांनी एक रेघही ओढली: आरंभापासून १५०० सालापर्यंतचा काळ म्हणजे छपाईचं बाळपण. इथपर्यंत हा शब्द काळाचं नाव होता. १६८८ साली कोर्नेलियुस फान ब्यूगेम या पुस्तकविक्रेत्यांनी अॅमस्टरडॅमला त्या काळातल्या पुस्तकांची यादी छापली आणि तिच्या शीर्षकातच हा शब्द घातला. पुढे काळाचं नाव त्या काळातल्या पुस्तकांनाच चिकटलं. जर्मन माणसाने त्याचं सरळ ‘वीगेनड्रुक’ केलं, म्हणजे पाळण्यातली छपाई.

नवं यंत्र, जुना वेश

गुटेनबर्ग यांचं बायबल १४५५ च्या सुमारास पुरं झालं. सुमारे १८० प्रती निघाल्या असं मानतात, त्यांपैकी ४९ पूर्ण-अपूर्ण अवस्थेत आज शिल्लक आहेत. पानात दोन स्तंभ, प्रत्येकी ४२ ओळी. हे बायबल उघडणाऱ्याला पहिल्यांदा जाणवतं ते काय नाही हे. मुखपृष्ठ नाही. छापणाऱ्याचं नाव नाही, गाव नाही, साल नाही. पानांना आकडे नाहीत. मजकूर सरळ सुरू होतो, जसा हस्तलिखितात होत असे.

अक्षरांचंही तेच. छपाईची सोय पाहायची तर लॅटिनला मोठी-छोटी अक्षरं आणि विरामचिन्हं मिळून थोडके खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरं, पुरले असते. गुटेनबर्ग यांनी सुमारे २९० वेगवेगळे खिळे पाडले. लेखनिक दोन अक्षरं जोडून लिहीत, शब्द आखडून वर एक रेघ मारत. ती सगळी वळणं त्यांना धातूत हवी होती. याचा एक फायदा झाला. ओळ दोन्ही कडांना सारखी बसवायची तर कुठे अक्षर आखडायचं आणि कुठे सोडायचं, हे खिळे जुळवणाऱ्याला ठरवता आलं.

आणि यंत्राने काम अर्धवटच सोडलं. प्रकरणाचं पहिलं मोठं अक्षर छापतच नसत, तिथे मोकळी चौकट ठेवत. पुस्तक न बांधलेल्या फर्म्यांच्या रूपात विकलं जाई. विकत घेणारा ते रंगाऱ्याकडे नेई, तो लाल-निळी आद्याक्षरं हाताने काढी, मग बांधणीवाला बांधे. रंगाऱ्याचा घोळ होऊ नये म्हणून चौकटीच्या मध्यात बारीकसं अक्षर छापून ठेवायची पद्धत पुढे पडली. कित्येक पुस्तकांत मालकाचे पैसे संपले असावेत किंवा हौस तरी, कारण चौकट आजही रिकामी आहे आणि ते बारीक अक्षर पाचशे वर्षं रंगाऱ्याची वाट पाहत बसलं आहे.

म्हणून मला पाळण्यापेक्षा दुपट्याचा अर्थ जास्त पटतो. पाळणा वय सांगतो, दुपटं वेश सांगतं. या पुस्तकांचा वेश हस्तलिखिताचा होता.

एक गंमत इथेच सांगून टाकतो. तारीख असलेलं युरोपातलं सर्वांत जुनं खिळ्यांचं मुद्रण हे पुस्तक नाही, ते पापमुक्तीचं पत्र आहे. १४५४ सालच्या या पत्रात नाव आणि तारीख लिहायला जागा कोरी सोडली होती. म्हणजे छपाईने बाळपणीच जगाला फॉर्म भरायला लावलं.

वेश हळूहळू उतरत गेला. १४५७ साली माइन्त्सला योहान फुस्ट आणि पीटर शोफर यांनी स्तोत्रांचं पुस्तक काढलं. त्याच्या शेवटी छापणाऱ्यांची नावं आणि तारीख आहे, १४ ऑगस्ट. आपल्या पोथीच्या अखेरीला जशी लेखनिकाची पुष्पिका असते तसाच हा मजकूर, फक्त छापलेला. त्यात छपाईची चूकही आहे: ‘प्साल्मोरुम’ या शब्दाचं ‘स्पाल्मोरुम’ झालं आहे. मुद्रिताला तारीख मिळाली त्याच वाक्यात मुद्रणदोषही आला. १४७० साली कोलोनच्या आर्नोल्ड तेर हूर्नेन यांनी एका प्रवचनाच्या पानांना आकडे छापले. १४७६ साली व्हेनिसमध्ये एर्हार्ट राटडोल्ट आणि त्यांच्या भागीदारांनी एका पंचांगाला सजवलेलं मुखपृष्ठ दिलं, त्यावर गाव, साल आणि मुद्रकांची नावं होती. आज कुठलंही पुस्तक हातात घेतलं की पहिल्या पानावर आपण जे शोधतो ते सगळं असं सुटंसुटं, वेगवेगळ्या गावांत, कोणीतरी पहिल्यांदा करून पाहिलेलं आहे.

नाव-गाव नसलेल्या पुस्तकाचं वय

सालच छापलेलं नाही तर पुस्तक कधीचं, कुणाचं, हे कसं ठरवायचं? इथे ग्रंथपालांनी गुप्त पोलिसांना लाजवील अशी पद्धत काढली.

त्या काळी छापखाने खिळ्यांचे संच बहुतेक स्वतःच पाडत. एका छापखान्याच्या संचातलं एखादं मोठं अक्षर दुसऱ्याच्या संचापेक्षा थोडं वेगळं निघे. ब्रिटिश म्युझियममधले रॉबर्ट प्रॉक्टर यांनी १८९८ पासून हजारो पुस्तकं देश, गाव आणि छापखाना या क्रमाने लावली आणि प्रत्येक छापखान्याच्या खिळ्यांची ओळख पटवली. १९०३ साली ते आल्प्समध्ये एकटे भटकायला गेले आणि परतले नाहीत. त्यांच्या पाठोपाठ जर्मनीच्या कोनराड हेब्लर यांनी काम आणखी काटेकोर केलं. गॉथिक वळणाच्या खिळ्यांत मोठा ‘एम’ सर्वांत जास्त रूपं घेतो, हे त्यांनी हेरलं. त्या एका अक्षराची शंभरावर रूपं त्यांनी क्रमांक देऊन मांडली.

चौकट: वीस ओळींचं माप
अनोळखी पानावर मिलिमीटरची पट्टी ठेवायची. पहिल्या ओळीच्या पायापासून एकविसाव्या ओळीच्या पायापर्यंतचं अंतर मोजायचं. हे झालं वीस ओळींचं माप. एकाच ओळीची उंची मोजली तर चूक मोठी होते, वीस ओळींत ती वाटली जाते. गुटेनबर्ग यांच्या ४२ ओळींच्या बायबलाचा खिळा १४० मिलिमीटर भरतो, त्याच घराण्यातला ३६ ओळींच्या बायबलाचा खिळा १६४. मग ‘एम’चं रूप आणि हे माप घेऊन हेब्लर यांच्या सूचीत शिरायचं. दोन्ही जुळली की छापखाना सापडतो, आणि तो छापखाना कोणत्या वर्षांत तो संच वापरत होता हे माहीत असलं तर साल जवळपास हाती येतं. कागद दमट हवेत फुगतो, कोरड्यात आकसतो, त्यामुळे एक-दोन मिलिमीटर इकडेतिकडे चालतात.

या रीतीने आज सुमारे ३०,००० वेगवेगळ्या आवृत्त्यांची नोंद झालेली आहे, जगभरच्या प्रती मिळून पाच लाखांच्या आसपास. बहुतेक लॅटिनमध्ये आहेत. सर्वांत मोठ्या संग्रहांतला एक म्यूनिकच्या बव्हेरियन राज्य ग्रंथालयात आहे. शाळकरी व्याकरणं आणि पापमुक्तीची पत्रं मात्र हाताळून हाताळून संपली. त्यांचे तुकडे पुष्कळदा दुसऱ्याच पुस्तकाच्या पुठ्ठ्यात, बांधणीवाल्याने रद्दी म्हणून चिकटवलेले सापडतात.

३१ डिसेंबर १५००

आता मालिंक्रोट यांची रेघ. ३१ डिसेंबर १५०० पर्यंत छापलेलं ते इन्क्युनॅब्युला, १ जानेवारी १५०१ चं नाही. शाळाप्रवेशाला वयाची तारीख ठरलेली असते आणि दोन दिवस उशिरा जन्मलेलं पोर वर्षभर घरी बसतं, तसला हा नियम आहे. त्या रात्री कोणत्याही छापखान्यात काहीही बदललं नाही. तेच यंत्र, तीच शाई, तेच जुळारी.

रेघ ओढायलाही तारीख पक्की हवी, तीही नाही. व्हेनिसचं सरकारी वर्ष १ मार्चला सुरू व्हायचं. तिथल्या पुस्तकावर ‘फेब्रुवारी १५००’ असेल तर आपल्या हिशेबाने ते १५०१ चं असू शकतं. पण सगळे मुद्रक सरकारी वर्ष पाळत नव्हते, त्यामुळे एकेका पुस्तकावर वाद होतात. वाद फुकाचा नाही, कारण शब्द लागला की लिलावात किंमत चढते.

तरीही योगायोग असा, की रेघेच्या पलीकडे लगेच, १५०१ मध्ये, व्हेनिसच्या आल्दुस मानुतियुस यांनी तिरप्या अक्षरात व्हर्जिल काढला. हातात मावेल असा लहान आकार, अवतीभवती टीकेची गर्दी नाही, नुसती कविता. प्रवासात सोबत नेण्याजोगं पुस्तक. बाळपण कुठे संपलं हे मला विचाराल तर मी त्या पुस्तकाकडे बोट दाखवीन. पण एकट्या आल्दुस यांच्यामुळे सगळ्या युरोपचं बाळपण संपत नाही. पुढची वीस-चाळीस वर्षं कित्येक ठिकाणी पुस्तकं पहिल्यासारखीच दिसत होती. म्हणून ग्रंथपालांनी ‘उत्तर-इन्क्युनॅब्युला’ असा आणखी एक कप्पा केला आणि त्याच्या शेवटच्या सालाबद्दलही त्यांचं एकमत नाही.

गोव्याचा पाळणा

या हिशेबाने भारतात छापलेलं एकही पुस्तक इन्क्युनॅब्युला ठरत नाही. पहिला छापखाना गोव्यात उतरला तो ६ सप्टेंबर १५५६ ला. तो खरं तर अॅबिसिनियाला जायचा होता. तिथल्या राजाशी बोलणी फिसकटली आणि यंत्र गोव्याच्या सेंट पॉल कॉलेजात राहिलं. ते चालवायला आलेले हुआन दे बुस्तामान्ते हे स्पॅनिश जेझुइट. त्याच वर्षी निघालेल्या पहिल्या मुद्रिताची एकही प्रत आज नाही. १५६३ साली गार्सिया द ऑर्ता यांचं औषधी वनस्पतींवरचं पोर्तुगीज पुस्तक इथे छापलं गेलं. त्यात चुका इतक्या की शुद्धिपत्रानेच कित्येक पानं खाल्ली. बाळपणाची याहून स्पष्ट खूण कोणती असते? पण कॅलेंडर म्हणतं, साठ वर्षं उशीर झाला.

मराठीचं प्रकरण तर आणखी विचित्र आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचं मराठी ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूरला छापलं गेलं, रोमन अक्षरांत. नागरीचे खिळे करायचे तर काने, मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरं धरून शेकडो साचे लागतात, ते जमलं नाही. पुढे १६४९ आणि १६५४ मध्येही ते छापलं. तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत सापडलेली नाही. भाविकांनी हाताने उतरवून काढलेल्या नकला राहिल्या आणि त्यांच्यावरून १९०७ साली मंगळुराला ते पुन्हा छापलं गेलं. छपाईने हस्तलिखिताचे कपडे चढवले हे वर पाहिलंच. इथे हस्तलिखितानेच छपाईला वाचवलं.

दोलामुद्रिते: १८०५ ते १८६७

मराठीतल्या ग्रंथसूचीकारांनी या लॅटिन शब्दासाठी ‘दोलामुद्रित’ हा शब्द घेतला. दोला म्हणजे झोका, पाळणा. जर्मन शब्दाशी तो नेमका जुळतो. महत्त्वाची गोष्ट ही, की युरोपची तारीख त्यांनी उचलली नाही. मराठी दोलामुद्रितांचा काळ साधारण १८०५ ते १८६७ असा धरतात.

१८०५ का? त्या वर्षी बंगालमधल्या श्रीरामपूरला विल्यम केरी यांचं मराठी व्याकरण निघालं, देवनागरी खिळ्यांत. म्हणजे मराठी मुद्रणाचा पाळणा हुगळीच्या काठी हलला. पंडित वैजनाथ शर्मा यांची केरींना मदत होती, खिळे पाडणारे पंचानन कर्मकार आणि त्यांचे जावई मनोहर हे बंगाली कारागीर. १८१० चा मराठी-इंग्रजी कोश मोडीत छापला, कारण शिकलेल्या मराठी माणसाच्या हातातली रोजची लिपी मोडी होती. पुन्हा तेच: गिऱ्हाइकाच्या डोळ्याला सवय असलेलं रूप. त्याच १८०५ साली मिरजेला गंगाधरराव पटवर्धनांनी तांब्याच्या पत्र्यांवर आख्खी पानं कोरून घेऊन संस्कृत भगवद्‌गीता छापवली. त्यात सुटे खिळे नव्हते, म्हणून ती वेगळ्या खात्यात जाते. पण डोळ्यांसमोर पोथीच ठेवायची हा हट्ट तिथेही होता.

मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ साली शिळाप्रेसवर पंचांग छापलं. शिळाछापात लेखनिकाच्या हातचं अक्षर तेलकट शाईने दगडावर उतरवतात आणि त्यावरून प्रती काढतात. दगड भिजवला की कोरी जागा पाणी धरते आणि शाई झिडकारते, तेलकट रेघ शाई धरते. म्हणूनच ट्रंकेतल्या पोथीचं अक्षर बोरूचं वाटतं. ते बोरूचंच आहे, फक्त दगडावरून आलेलं. पुढे गणपत कृष्णाजींनी स्वतः खिळेही पाडले.

१८६७ का? त्या वर्षी मुद्रणालयं आणि पुस्तकं यांच्या नोंदणीचा कायदा आला. प्रत्येक पुस्तकावर मुद्रकाचं नाव, छपाईचं ठिकाण, प्रकाशकाचं नाव छापण्याची सक्ती त्यात होती, प्रत सरकारात जमा करणं आलं आणि नोंदींच्या याद्या निघू लागल्या. व्हेनिसच्या मुद्रकांनी जाहिरात म्हणून पहिल्या पानावर घातलेली माहिती आपल्याकडे सरकारने कायद्याने घालायला लावली. हेतू पाळतीचा होता, पण मुद्रणाच्या इतिहासाला त्याने मोठा आधार दिला. १५०० च्या रेघेपेक्षा ही रेघ मला जास्त प्रामाणिक वाटते. तिच्या अलीकडचं पुस्तक सरकारी यादीत न येता फिरू शकत होतं, पलीकडचं नाही.

अर्थात तीही काटेकोर नाही. १८५७ ची बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ ही कादंबरी याच कप्प्यात बसते आणि तिच्यात काही पाळण्यातलं नाही. मोल्सवर्थ यांच्या कोशाची १८५७ ची आवृत्ती तर आजही टेबलावर ठेवून वापरली जाते.

तेव्हा कोणतंही पिवळं पडलेलं पुस्तक दिसलं की इन्क्युनॅब्युला म्हणू नये. १९२० सालची जीर्ण गाथा जुनी आहे, इन्क्युनॅब्युला नाही, दोलामुद्रितही नाही. दुसरीकडे, दगडी छपाईच्या पहिल्या पंचवीसेक वर्षांतल्या चित्रांना जर्मन अभ्यासक हाच शब्द लावतात, आणि ते बरोबर आहे, कारण ते त्या तंत्राचं बाळपण आहे. शब्द वयाला लावायचा नसतो, तंत्राच्या आरंभाला लावायचा असतो.

आणि घरात खरोखरच १८६७ पूर्वीचं मराठी पुस्तक निघालं, तर काही गोष्टी करू नका. फाटक्या पानाला सेलोटेप लावू नका, त्याचा डिंक कागदात उतरतो आणि कायमचा डाग पडतो. लॅमिनेशन तर मुळीच नको. कडा नीट दिसाव्यात म्हणून कापू नका आणि जुना पुठ्ठा फेकू नका, त्याच्या आत दुसऱ्या पुस्तकाचं पान असू शकतं. पहिलं आणि शेवटचं पान मोबाइलवर टिपा, सुती कापडात गुंडाळा आणि दुर्मीळ ग्रंथांचा विभाग असलेल्या जवळच्या मोठ्या ग्रंथालयाला कळवा. यादीत नसलेलं पुस्तक तुमच्या माळ्यावर असू शकतं.